वर्ग बाहेर नेला, पण मुलं शिकली काय? अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

पानगळ

नमस्कार. मी सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच अख्खा वर्ग, ४६ मुलं, शाळेमागच्या मोकळ्या रानात घेऊन गेले. दोन रात्री बसून तयारी केली होती. तिथल्या चौदा झाडांची नावं, शास्त्रीय नावं, उपयोग, सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. एकेका झाडाखाली उभं राहून सांगायचं आणि मुलांनी वहीत लिहायचं, असा बेत.

तिसऱ्या झाडापर्यंत पुढची आठ-दहा मुलं ऐकत होती. मागच्यांची ढेकळं फेकायची शर्यत लागली होती. पाचव्या झाडापाशी माझा आवाज चढला आणि नवव्याला मी सगळ्यांना रांगेत उभं करून परत आणलं. परत येताना एका मुलीने बाही ओढून विचारलं, "बाई, या मुंग्या तोंडात पांढरं पांढरं काय घेऊन चालल्यात?" मी म्हणाले, "नंतर बघू, रांग मोडू नकोस."

हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या तासाभरात विचारला गेलेला एकमेव खरा प्रश्न तो होता आणि मी तोच बाजूला सारला.

मुख्याध्यापकांनी नंतर शांतपणे विचारलं, "पुस्तकातून कळलं नसतं असं काय कळलं त्यांना?" ते विरोधात नाहीत, पण मला उत्तर देता आलं नाही. मला पुन्हा जायचं आहे. तुम्ही कसं करता? वर्ग मोठा, तास ३५ मिनिटांचा, मदतीला कुणी नाही, हे धरून सांगा.

रातवा

पानगळताई, आधी एक सांगतो. त्या मुलीने बाही ओढली, म्हणजे तुमचा तास वाया गेलेला नाही.

मी बरीच वर्षं मुलांना घेऊन रानात जातो. सुरुवातीला मीही नावांच्या मागे लागलो होतो. नाव सांगितलं की मूल ते लिहून घेतं आणि त्याची मान खाली जाते. त्याच्या लेखी झाड तिथे संपतं. आता मी पहिल्या दोन-तीन वेळा एकही नाव सांगत नाही. मुलांनी विचारलं तर म्हणतो, तुम्हीच ठेवा. "खरखरीत पानवाला", "चिकवाला", "वाकडा" अशी नावं पडतात. ती ठेवण्यासाठी मुलांना झाड हाताळावं लागतं, पान तोडलं की चीक येतो का ते बघावं लागतं, साल न्याहाळावी लागते. खरं नाव नंतर कळलं की मग ते कायमचं डोक्यात बसतं.

दुसरी गोष्ट जागेची. मोठी सहल, लांबचं जंगल, वर्षातून एकदा, हे मी जवळजवळ सोडून दिलं आहे. शाळेपासून पाच मिनिटांवरची एक लहानशी जागा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. पहिल्या वेळी मुलं उधळणारच, त्यांच्यासाठी ती सुट्टी असते. दुसऱ्या वेळी जरा कमी उधळतात. चौथ्या-पाचव्या वेळी एखादा पोरगा थबकतो आणि म्हणतो, "हे इथं मागच्या वेळी नव्हतं." तुमचं शिकवणं खरं तिथून सुरू होतं. बदल दिसायचा तर आधीची स्थिती लक्षात असावी लागते, आणि ती एका भेटीत लक्षात राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाची गोष्ट ऐकली असेल. नवीन विद्यार्थी आला की ते त्याच्यापुढे जतन केलेला एक मासा ठेवायचे आणि बघ म्हणून निघून जायचे. विद्यार्थ्याला दहा मिनिटांत वाटायचं, सगळं बघून झालं. अगासी परत येऊन ऐकायचे आणि पुन्हा बघायला सांगायचे. एकाच माशावर दिवसचे दिवस. सातवीच्या मुलांना असं बसवा असं मी म्हणत नाही. पण "बघून झालं" असं वाटल्यानंतर जे दिसतं, त्याच्यासाठी वेळ ठेवावा लागतो.

ओलीमाती

त्या मुंग्यांबद्दल आधी. तोंडात पांढरं असेल तर बहुतेक त्या मुंग्यांच्या अळ्या किंवा कोष असणार. लोक अंडी म्हणतात, पण अंडी फार बारीक असतात, चालता चालता सहज दिसत नाहीत. वारुळात ओल फार झाली, ऊन फार लागलं किंवा कुणी त्रास दिला की मुंग्या पिल्लावळ उचलून दुसरीकडे हलवतात. अर्थात ते खाण्याचे कणही असू शकतात. भिंग घेऊन बघितलं तर कळेल. त्या मुलीला हे उत्तर सांगू नका, भिंग द्या.

आणि मुंग्यांची रांग सापडलीच तर हा प्रयोग नक्की करा. कोरड्या दगडावरून किंवा भिंतीवरून जाणाऱ्या रांगेत एका ठिकाणी बोट आडवं घासायचं, मुंगी चिरडू न देता. मुंग्या वाटेवर गंधाची खूण ठेवत जातात, तेवढ्या तुकड्यातली खूण पुसली जाते. येणारी मुंगी तिथे अडते, मागे फिरते, शोधत राहते. थोड्या वेळाने एखादी पलीकडे पोहोचते आणि रांग पुन्हा जुळते. किती वेळात जुळली ते घड्याळ लावून मोजायचं. दोन ठिकाणी, दोन वेळा. फक्त ही मुंगी चावरी आहे का ते आधी स्वतः बघा.

माझी मुलं (शाळेतली) यावर तासभर रेंगाळली होती. एकाने विचारलं, "पहिली मुंगी वाट न दिसता कशी गेली?" यावर आमचा पुढचा पूर्ण आठवडा गेला.

दोन_वेण्या

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझ्या मुलाला लहानपणी मधमाशी चावली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वर्गाला पालकांना न कळवता बाहेर नेलं गेलं. मला संध्याकाळी कळलं. काही झालं नव्हतं, पण रात्री झोप लागली नाही.

मला तो बाहेर जायला हवाच आहे. त्याच्या लहानपणी आम्ही अंगणातही सोडायला घाबरलो आणि आता तो गवतावर अनवाणी पाय ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण बाहेर नेणाऱ्या व्यक्तीला माझ्या मुलाबद्दल ही एक गोष्ट माहीत असावी, एवढंच माझं मागणं आहे. अनुभवी लोकांनी कृपया लिहा, तुम्ही सुरक्षिततेचं काय करता?

कापूसपट्टी

दोन_वेण्या, तुमची मागणी अगदी योग्य आहे आणि ती प्रत्येक पालकाने करावी. मी रुग्णसेवेत आहे, मुलांच्या शिबिरांना प्रथमोपचारासाठी जाते. माझा अनुभव लिहिते.

निघण्याआधी प्रत्येक घरातून एक चिठ्ठी मागवायची. दमा, फिट येणं, दंशाची किंवा कशाची ॲलर्जी, चालू औषधं, संपर्काचा क्रमांक. ती चिठ्ठी कार्यालयातल्या कपाटात ठेवून उपयोग नाही, नेणाऱ्याच्या खिशात हवी. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा, दप्तरात वर्गात राहिलेला पंप काही कामाचा नाही.

मधमाशीचा काटा त्वचेत दिसला तर लगेच काढा. खरवडून काढू की चिमटीने, यात वेळ घालवू नका, लवकर निघणं महत्त्वाचं. मग धुवून थंड पट्टी. दंशाच्या जागी सूज येणं, अगदी मोठी सूजही, आणि अंगभर प्रतिक्रिया येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, दंशापासून लांब अंगावर गांधी उठल्या, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या तर ती आणीबाणी आहे. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते ताबडतोब द्यायचं आणि रुग्णालय गाठायचं. तुमच्या मुलाबद्दल एकदा डॉक्टरांशी बोलून घ्या आणि त्यांनी जे सांगितलं ते शाळेला लेखी द्या.

साप दिसला तर जागेवर थांबायचं, मग हळूहळू मागे सरकायचं. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही नाही. मुलाला शांत ठेवायचं, दंश झालेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय.

विजेचं लोक विसरतात. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत यायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं पुन्हा बाहेर पडायचं नाही. एकट्या उंच झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही, हे मुलांना पाठ हवं.

एवढं सांगून हेही सांगते. इतक्या शिबिरांत माझी पेटी उघडली ती बहुतेक खरचटलेल्या गुडघ्यांसाठी.

दोन_वेण्या

कापूसपट्टी, मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.

खडूफळा

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये. वीस वर्षं शिकवतो आहे. "निसर्गात नेलं" या नावाखाली मी जे पाहिलं ते असं: बस, टोप्या, एका झाडाखाली समूह फोटो, खाऊ, परत. दुसऱ्या दिवशी निबंध, "आमची सहल". सगळ्या वह्यांत सारखाच.

३५ मिनिटांच्या तासात जायला-यायला दहा गेली, रांगा लावायला पाच. उरली वीस. त्या वीस मिनिटांत मी वर्गात अपूर्णांकाची एक संकल्पना नीट पोहोचवू शकतो, तीही ज्या मुलाला घरी कुणी शिकवणारं नाही त्याच्यापर्यंत. ही वीस मिनिटं कुणाच्या वाट्यातून जातात, याचा विचार व्हायला हवा. निसर्गाने एकाग्रता वाढते, बुद्धी वाढते असं सर्रास लिहिलं जातं. त्यातलं खरोखर तपासलेलं किती आहे? कुणाला ठाऊक असेल तर सांगा, मी वाचायला तयार आहे.

रातवा

खडूफळा सर, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण आमच्या बाजूचे लोक खरंच फार सैल बोलतात. मला जे माहीत आहे ते त्याच्या मर्यादांसकट लिहितो.

सगळ्यात भक्कम पुरावा डोळ्यांचा आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळा घेतल्या. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला, बाकीच्या शाळांत काही बदल केला नाही. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लघुदृष्टिदोष (लांबचं धूसर दिसणं) आला होता, दुसऱ्या गटात ३९.५ टक्क्यांना. निकाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. कोणती शाळा कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून त्याला वजन आहे. कारण बहुधा उजेडाचं असावं. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर सावलीतसुद्धा त्याच्या कित्येक पट, आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. गंमत म्हणजे तिथे मुलं बाहेर काय शिकली याचा काही संबंधच नव्हता, नुसतं बाहेर असणं पुरेसं झालं.

एकाग्रतेचं थोडं नाजूक आहे. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९८९ मध्ये मांडलं की मुद्दाम ताणून धरलेलं लक्ष थकतं, आणि पानांची हालचाल किंवा वाहतं पाणी अशा हलक्या, आपोआप खेचून घेणाऱ्या गोष्टींत ते पुन्हा ताजं होतं. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात लक्ष टिकवण्याची अडचण (एडीएचडी) असलेली ७ ते १२ वर्षांची मुलं वीस मिनिटं बागेत चालून आल्यावर लक्षाच्या चाचणीत अधिक चांगली ठरली, शहरातल्या रस्त्यांवर तेवढंच चालल्यावर तसं झालं नाही. पण मुलं होती फक्त १७.

तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा अभ्यास २०१८ चा आहे. तिसरीच्या वर्गांवर दहा आठवडे. तोच विषय, तेच शिक्षक, एकदा वर्गात आणि एकदा गवतावर. त्यानंतर लगेच येणाऱ्या आतल्या तासात मुलं किती रमतात ते मोजलं. बाहेरच्या धड्यानंतरच्या तासात शिक्षकांना "इकडे लक्ष द्या" म्हणून थांबावं लागण्याची वेळ जवळजवळ निम्म्याने कमी आली. हाही लहानच अभ्यास आहे, शिक्षिका दोनच. पण त्यातून एक सुचतं: वीस मिनिटं बाहेर गेली ती पूर्ण हरवत नाहीत, काही पुढच्या तासात परत मिळतात.

फोटोच्या सहलींबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के मान्य.

खडूफळा

सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. डोळ्यांचा पुरावा मानतो. एकाग्रतेचा अजून कोवळा आहे, पण पुढच्या तासाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. माझा सगळ्यात जड तास जेवणानंतर असतो. त्याच्या आधीचा तास बाहेर घेऊन बघता येईल. बघतो.

त्रिकोण

गणिताच्या बाजूने थोडं. बाहेर जाणं विज्ञानवाल्यांनाच का सोपवता?

प्रत्येक जोडीला एक मीटर सुतळी द्या, टोकं जोडून जमिनीवर वेढा घालायला सांगा. वेढ्याच्या आतलं सगळं त्या जोडीचं: गवताच्या काड्या, किडे, खडे, पानं. मोजा, काढा, लिहा. आपापली हद्द मिळाली की मुलं पळत नाहीत, पानगळताई, ४६ मुलांच्या २३ जोड्या २३ ठिकाणी खाली बसतात.

मग हळूच विचारा, कुणाच्या वेढ्यात जास्त जागा आली? सुतळी सगळ्यांची सारखीच. ज्यांनी चौरस केला त्यांची बाजू २५ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ६२५ चौरस सेंटिमीटर. ज्यांनी ४० बाय १० चा लांबट आयत केला त्यांना ४००. ज्यांनी गोल केला त्यांना जवळपास ८००. परिमिती सारखी असून क्षेत्रफळ वेगळं, ही गोष्ट मी फळ्यावर वर्षानुवर्षं शिकवली आणि दर वर्षी निम्म्या वर्गाला पटली नाही. गवतात एका मुलाने दुसऱ्याला विचारलं, "तुला जास्त किडे कसे काय मिळाले?" आणि ती पटली.

झाडाची उंचीही मोजा. ४५ अंशांचा कागदी त्रिकोण करायचा (चौरस कागद कर्णावर दुमडला की झाला). त्याची एक बाजू जमिनीला समांतर धरून कर्णावरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक डोळ्यांची उंची, ही झाडाची उंची. माझ्या चार गटांची उत्तरं आली ८.९, ९.६, १०.२ आणि ११.४ मीटर. पहिल्या वर्षी मला वाटलं प्रयोग फसला. आता मी मुद्दाम ही चारही उत्तरं फळ्यावर लिहितो आणि विचारतो, झाड एकच, मग असं का? ८.९ वाल्यांनी डोळ्यांची उंची मिळवलीच नव्हती. ११.४ वाल्यांचा त्रिकोण कलला होता. मोजमापात चूक कुठून शिरते हे पुस्तकातल्या गणितात कधी दिसतच नाही, तिथे उत्तर एकच आणि तेही मागच्या पानावर.

शांतवेळ

इथे लिहू की नको असा विचार करत होते.

मी चाकांच्या खुर्चीतून शाळेत गेले. वर्ग बाहेर जायचा तेव्हा मला आत बसवून एक चित्रकलेची वही दिली जायची. कुणी दुष्ट नव्हतं, सगळे प्रेमळ होते. "तुला त्रास नको" असं म्हणायचे. खिडकीतून सगळे परत येताना दिसायचे, कुणाच्या हातात पीस, कुणाच्या हातात शेंग. एक मैत्रीण माझ्यासाठी दर वेळी काहीतरी घेऊन यायची. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

म्हणून विनंती. जागा निवडताना वर्गातल्या ज्या मुलाला तिथे पोहोचणं सगळ्यात अवघड आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. रातवा म्हणतात तशी पाच मिनिटांवरची जागा असेल तर हे सहज जमतं. रानातली पायवाट जमत नसेल तर आवारातलं एक झाड आणि त्याखालची जमीन पुरे. पण मग सगळ्यांनी तिथे यायचं, एकाला सोडून नाही.

आणखी एक, मी आता मुलांबरोबर करते ते. कागदाच्या मधोमध एक फुली, ती म्हणजे आपण. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं आणि प्रत्येक आवाज ज्या दिशेने, जितक्या लांबून आला तिथे कागदावर खूण करायची. माझ्याकडे एक दृष्टिहीन मुलगा आहे, तो कागदाऐवजी मातीच्या ताटात खडे ठेवतो. त्याच्या ताटात इतरांपेक्षा कितीतरी जास्त खडे असतात. तेव्हापासून वाटेत काही ऐकू आलं की बाकीची मुलं त्याला विचारायला येतात, हे कुठून आलं?

पानगळ

शांतवेळ, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, पायाला कॅलिपर (चालायला आधार देणारी पट्टी) लावतो. त्या दिवशी तो सगळ्यात मागे होता आणि मी मागे वळून पाहिलंही नाही. जागा बदलते आहे.

ओलीमाती

शांतवेळ _/\_

काजवा

मोबाइल न्यावा का? पान किंवा पाखराचा फोटो काढून नाव सांगणारी अ‍ॅप आहेत. आयनॅचरलिस्ट तर २००८ पासून आहे आणि त्यावर टाकलेल्या नोंदी संशोधकांनाही उपयोगी पडतात. मुलांना आपली नोंद खऱ्या विज्ञानात जाते याचं अप्रूप वाटतं.

रातवा

उपयोगी आहेत, पण माझा क्रम ठरलेला आहे: आधी बघणं, मग चित्र, मग चर्चा, आणि मोबाइल सगळ्यात शेवटी, तोही शिक्षकाचा एकच. चित्र काढताना पानाला दाते आहेत की नाहीत हे ठरवावं लागतं, फोटो काढताना नाही. आणि नोंद टाकताना मुलांचे चेहरे, शाळेचं नेमकं ठिकाण जाऊ देऊ नका.

भित्रीभागूबाई

माझ्या वर्गातली दोन मुलं कोळी दिसला की किंचाळतात आणि मग सगळा वर्ग किंचाळतो. अशा वेळी काय करावं?

ओलीमाती

हातात घ्यायला अजिबात लावू नका. लांबचं एक काम द्या. माझ्या एका मुलीला मी "तू फक्त तीन पावलांवरून बघ आणि मला सांग, तो जाळ्यावर कुठून चालतो" असं सांगितलं. गोल जाळ्यात मधून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात, वर्तुळाकार जाणारे चिकट असतात. तिच्या लक्षात आलं की तो ठरावीक धाग्यांवर पाय ठेवतो. तीन पावलांची दोन कधी झाली ते तिलाही कळलं नाही. भीती पूर्ण जाईलच असं नाही, जायलाच हवी असंही नाही. आणि मोठ्या माणसाने स्वतः दचकू नये, मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात.

पानगळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. चार वेळा जाऊन आलो.

जागा: शाळेच्या मागची भिंत, तिच्याकडेची सुमारे दहा फूट रुंद पट्टी, एक मोठं झाड आणि एक गळका नळ. वर्गापासून दोन मिनिटं, वाटेत पायरी नाही.

पहिल्या वेळी सुतळीचे वेढे. वर्ग खाली बसला! मी एकही वाक्य भाषण केलं नाही, फक्त जोड्यांमधून फिरत राहिले. मला कळलं की वर्गात मी जास्तीत जास्त सहा-सात मुलांशी बोलते. तिथे तेवीसच्या तेवीस जोड्यांपाशी पोहोचले. तिघांचं भांडण झालं (वेढ्यातला भोपळकिडा कुणाचा), एकाने दुसऱ्याचं गवत उपटलं. पण ज्या मुलांच्या मागच्या वेळी शर्यती लागल्या होत्या त्यांच्याच वेढ्याच्या नोंदी सगळ्यात बारीक निघाल्या. त्यातल्या एकाला लिहायला जड जातं, त्याने चौदा चित्रं काढली.

दुसरी वेळ साफ फसली. आभाळ भरून आलं, गडगडाट ऐकू आला आणि कापूसपट्टींचा नियम आठवून मी सगळ्यांना आत आणलं. मुलं हिरमुसली. मग वर्गातूनच चमक आणि आवाजातले सेकंद मोजले, तीनने भागून किलोमीटर काढले. वादळ आधी जवळ येतंय आणि मग लांब जातंय, हे त्यांना आकड्यांत दिसलं.

तिसऱ्या वेळी मुंग्या. ज्या मुलीने बाही ओढली होती तिच्या हातात भिंग दिलं. अळ्याच होत्या. तिने पाहिलं की सगळ्या मुंग्या नळाकडून भिंतीकडे चालल्या होत्या, उलटी एकही अळी जात नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की तू त्या दिवशी विचारलंस तेव्हा मी थांबायला हवं होतं. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एकटीच भिंतीपाशी बसलेली दिसली.

बोट घासायचा प्रयोगही केला. रांग जुळायला एका ठिकाणी चार मिनिटं, दुसऱ्या ठिकाणी अकरा. का, ते कळलेलं नाही.

मुख्याध्यापक चौथ्या वेळी स्वतः आले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, वह्या दाखवल्या. ते बराच वेळ चित्रांची वही बघत होते. म्हणाले, "परीक्षेत हे कसं मोजणार?" मी म्हणाले, अजून ठरलेलं नाही. पण दर आठवड्याला एक तास बाहेर घ्यायला त्यांनी होकार दिला आहे.

रातवा

वाचून फार आनंद झाला. मोठा वर्ग असल्याने एक आठवलं, पुढे उपयोगी पडेल. डार्विनने १८५४ पासून काही वर्षं आपल्या घराजवळ बंबलबी (मोठी, केसाळ मधमाशी) जातीच्या नर माश्यांचा पाठलाग केला. त्या ठरावीक वाटेने उडायच्या आणि ठरावीक ठिकाणी गुणगुणत थांबायच्या. एकट्याने मागे धावणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मुलांना वाटेवर एकेका ठिकाणी उभं केलं. माशी आली की त्या ठिकाणचं मूल हाक मारायचं. अशी पूर्ण वाट कळली. दर वर्षी माश्या नवीन, आधीच्या वर्षीच्या मरून गेलेल्या, तरी थांबायच्या जागा त्याच, याचं त्याला नवल वाटलं होतं.

४६ मुलं म्हणजे ४६ डोळ्यांच्या जोड्या. मुंग्यांच्या रांगेवर दर दोन हातांवर एक जोडी बसवा. चार आणि अकरा मिनिटांचं कोडं कदाचित त्यांनाच सुटेल.

पानगळ

हे नक्की करणार. पण आधी एक भांडण मिटवायचं आहे. चौथ्या वेळी कॅलिपरवाल्या मुलाने विचारलं की भिंतीच्या आपल्या बाजूला शेवाळ आहे आणि पलीकडच्या बाजूला का नाही. अर्धा वर्ग म्हणतो सावलीमुळे. अर्धा म्हणतो नळामुळे. मी दोन्ही बाजूंना "कशावरून?" विचारलं आणि मलाही उत्तर माहीत नाही हे सांगितलं.

त्रिकोण

मोजा. नळापासून दर अर्ध्या मीटरवर शेवाळाची उंची घ्या, नळामुळे असेल तर लांब गेल्यावर कमी व्हायला हवी.

खडूफळा

आणि दोन्ही बाजूंना तापमान. एकाच वेळी, एकाच उंचीवर, नाहीतर तुलना होणार नाही. शिवाय सारख्या आकाराचे दोन ओले कागद भिंतीला चिकटवा आणि कुठला आधी वाळतो बघा. मला आकडे कळवा. (जेवणानंतरच्या तासाआधी आम्हीही बाहेर जाऊ लागलो आहोत. अपूर्णांक पानांच्या घड्या घालून घेतले. पुढच्या तासाचं अजून सांगता येत नाही, दोनच वेळा झालं.)

पानगळ

आजचे आकडे, सकाळी सव्वाआठ: शेवाळाची बाजू २४ अंश, उघडी बाजू साडेसव्वीस. उघड्या बाजूचा कागद ३८ मिनिटांत वाळला, शेवाळाच्या बाजूचा तेव्हाही ओलाच होता. सावलीवाल्यांनी आरोळी ठोकली. पण नळापासून पहिल्या मीटरभरात शेवाळ गुडघ्यापर्यंत आहे, पुढे घोट्यापर्यंत, आणि चार मीटरनंतर नुसता हिरवा डाग. त्यामुळे नळवालेही हटायला तयार नाहीत.

कॅलिपरवाला मुलगा म्हणतो, नळ दुरुस्त करायला सांगू आणि महिनाभर थांबून बघू. उद्या त्याच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे जाते आहे.